कासोंडेची पहिली कुऱ्हाड

"मामा, मला कुऱ्हाड घ्यायचीय," माझी भाची कासोंडे म्हणाली तेव्हा मी भुईमूग सोलत बसलो होतो. मी वर न बघता विचारलं, "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"सरपणाला? सरपण हातानं मोडतं."

"झाडावर चढायला."

मी टोपली बाजूला सारली. आम्हा बेंबा लोकांत बाया कुदळ चालवतात, ओझी वाहतात, दारू गाळतात आणि नवऱ्याला चार शब्द सुनावतात. झाडावर चढून फांद्या तोडायचं काम मात्र पुरुषाचं. थंडीत त्यानं फांद्या तोडायच्या, वाळल्या की बायांनी त्या वाहून एका जागी रचायच्या, उन्हाळा संपता संपता मुखियानं खूण केली की पेटवायच्या आणि त्या राखेत नाचणी पेरायची. फांद्या नाहीत तर राख नाही, राख नाही तर नाचणी नाही. मला तिचा भयंकर राग आला, कारण दुसरा मार्ग तिला उरलेला नव्हता हे मलाही दिसत होतं.

तिचा नवरा चिपोया तांब्याच्या खाणींवर गेला होता. गोऱ्यांचा कर भरायला आमच्या गावातले निम्मेअधिक पुरुष गेले, तसाच तोही गेला. उन्हाळ्याच्या शेवटी मुदत संपते, तेव्हा येतो, असा निरोप त्यानं एका येणाऱ्याबरोबर धाडला होता. चांगला पोरगा. लग्नानंतर आमच्या गावात येऊन राहिला, सासूची झाडं तोडली, कधी तोंड वर करून बोलला नाही. कासोंडेचा त्याच्यावर जीव होता आणि ती ते लपवतही नसे. पण उन्हाळ्याच्या शेवटी आलेल्या नवऱ्याचा शेताला काय उपयोग? झाडं थंडीत तोडावी लागतात. गडी बोलवायचे तर त्यांना दारू पाजावी लागते, दारूला नाचणी लागते, आणि तिच्या कोठीत तळ दिसायला लागला होता. भाऊ तिला नाही. मुलगी बुपे अजून आईच्या पाठीवरून उतरत नव्हती, जावई कुठला येणार? राहिलो मी. मी एकदा मुपुंदूच्या झाडावरून पडलो तेव्हापासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

आमचा मुखिया मुकुका तिला म्हणालाच होता, "माझा भाऊ देतो की तोडून. तेवढं त्याला दोन वेळचं रांधून घालत जा." यातला अर्थ गावातल्या शेळ्यांनाही कळला असता. आमच्याकडे बाईची झाडं जो परका पुरुष तोडतो, तो तिचा नवरा धरला जातो. चिपोया आला असता आणि परस्पर माघारी गेला असता.

"तो येईल तेव्हा त्याला माझं शेत दिसलं पाहिजे," कासोंडे म्हणाली. "आणि त्यात दुसऱ्या कुणाचा हात नको."

"आणि तू पडलीस तर?"

"तुम्ही पडलात, अजून बोलताय की."

असं तोंड आहे तिचं. आमच्या घराण्यातलंच आहे, तक्रार कुणाकडे करणार?

चिपोयाची कुऱ्हाड त्याच्या भावाकडे होती; नवऱ्याची कुऱ्हाड आम्ही बायकोकडे ठेवत नाही. माझी मी पडलो त्याच दिवशी नदीत टाकून दिली. माणसाला घेऊन पडलेली कुऱ्हाड पुन्हा झाडावर नेत नाहीत. म्हणून आम्ही दोन कोंबड्या आणि टोपलीभर भुईमूग घेऊन सिकाझ्वे लोहाराकडे निघालो. सिकाझ्वे लुंगू जमातीचा, स्वभावानं कडू. दुकानातल्या कुदळी आल्यापासून त्याच्याकडे फारसं कुणी जात नसे आणि त्याचा राग तो जाणाऱ्यांवर काढी.

त्यानं पाती समोर टाकली आणि कासोंडेकडे बघून मला विचारलं, "हिला कुणाला मारायचंय?"

"आधी लोहाराला," कासोंडे म्हणाली.

तो हसला नाही, पण आतून आणखी दोन पाती घेऊन आला. कासोंडेनं सगळ्यात रुंद पातं उचललं. चकाकत होतं, धार रुंद होती. नवशिका नेहमी तेच उचलतो. मीही पोरपणी तेच उचललं होतं आणि माझ्या मामानं माझ्या डोक्यात टपली मारली होती. मी टपली मारली नाही. सिकाझ्वेच्या जुन्या दांड्यात ते पातं बसवायला लावलं आणि तिला सांगितलं, "दांडा शेवटाला धर. हात सरळ पुढे कर. आता तसाच ठेव, हा चिलीम ओढून होईपर्यंत."

सिकाझ्वेनं मुद्दाम सावकाश ओढली. कासोंडेचा हात आधी थरथरला, मग खाली आला.

"झाडावर तुला एकच हात मिळणार," मी म्हणालो. "दुसरा झाडाचा. त्या एका हातानं ही दिवसभर चालवशील?"

मग तिनं अरुंद पातं घेतलं. जिभेएवढं, मागे लांब टोक असलेलं, दिसायला दरिद्री. पुन्हा हात पुढे केला. चिलीम संपली, हात तिथंच होता. सिकाझ्वेनं ते पातं दगडावर वाजवून कान लावला आणि म्हणाला, "घे. हे तुझ्यापेक्षा जास्त टिकेल." त्याच्या तोंडी हा आशीर्वादच होता.

दांडा मी स्वतः निवडला. मुबांगाचं लाकूड, एका टोकाला मोठी गाठ, लांबी तिच्या काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत. पात्याचं मागचं टोक लाल होईपर्यंत तापवून त्या गाठीत आरपार जाळत घालायचं असतं. हे तिच्याच हातून करून घेतलं. पहिल्यांदा पातं तिरकं गेलं आणि दांडा फुकट गेला. ती रडायच्या बेताला आली. मी म्हणालो, "रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, झाडावर डोळे पुसायला हात मोकळा नसतो." दुसऱ्या दांड्यात पातं सरळ बसलं.

शिकवायला सुरुवात केली आणि कळलं की अडचण अशक्तपणाची नव्हतीच. अंगात ताकद भरपूर होती. पण जन्मभर कुदळ चालवलेली बाई. कुऱ्हाड हातात आली की दोन्ही हातांनी डोक्यावरून आणायची आणि सरळ पायांच्या मधे घालायची. आडव्या पडलेल्या ओंडक्यावर खड्डेच खड्डे पाडले तिनं, तुकडा एक उडाला नाही.

"तू लाकूड पेरतेयस का?" मी ओरडायचो. "तिरका! घाव तिरका घाल! एक इकडून, एक तिकडून, मधला घास निघाला पाहिजे!"

"घास निघतोय, मामा, माझ्याच हातांचा." हातांवर फोड आले होते ते ती दाखवायची.

शेवटी मी तिचा डावा हात सालीच्या दोरीनं कंबरेला बांधून टाकला. एका हातानं कुदळ चालवता येत नाही. मग हाताला नवं काही शिकावंच लागतं. येणाऱ्याजाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. "म्हाताऱ्यानं भाचीला बांधून घातलंय," म्हणायच्या. "पळून जाईल म्हणून का हो?" कासोंडे त्यांना उलट सुनवायची आणि पुढचा घाव आणखी चुकवायची. पण एके दिवशी पाचर निघाली. पांढरी, स्वच्छ, तळहाताएवढी. तिनं ती उचलून वास घेतला आणि बुपेच्या हातात खेळायला दिली. मला इतका आनंद झाला की मी तिच्यावर आणखी जोरात ओरडलो.

तोडणी सुरू व्हायच्या आधी गावातल्या सगळ्या कुऱ्हाडी मुखियाच्या दारात आणून ठेवतात. तो पूर्वजांना हाक मारतो, कुणी पडू नये, कुणाचा घाव चुकू नये म्हणून मागणं मागतो आणि कुऱ्हाडींवर पाणी शिंपडतो. माझ्या तरुणपणी तो ढीग गुडघ्याला लागायचा. त्या वर्षी सगळा ढीग एका टोपलीत मावला असता. कासोंडेनं आपली कुऱ्हाड आणून कडेला ठेवली.

"ही कुणाची?" मुकुकानं विचारलं.

"माझी, बाबा."

"चिपोया आला?"

"नाही."

"मग तुझी कशी?"

लोक हसले. मुकुका वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हाती गाव दिलं की तो आधी बायांना घाबरतो. तो म्हणाला, "अगं, पूर्वज विचारतील कोण चढतंय, तर मी काय सांगू त्यांना?"

"सांगा कासोंडे चढतेय. माझेच आजे-पणजे आहेत, ओळखतील."

"अपशकुन नको," म्हणत त्यानं काठीनं तिची कुऱ्हाड ढिगापासून दूर सारली आणि बाकीच्यांवर पाणी शिंपडलं.

माझं टाळकं सटकलं. मी पुढे होऊन कुऱ्हाड उचलली. तिच्या आईचा भाऊ आहे मी. आमच्याकडे बापापेक्षा त्याचा शब्द मोठा. सगळ्यांच्या देखत मी पात्यावर थुंकी शिंपडली, तीही आशीर्वादाचीच रीत आहे, आणि माझ्या मेलेल्या बहिणीचं नाव घेऊन म्हणालो, "तुझी पोर वर चढतेय. लक्ष ठेव. बाकीच्यांना वेळ नाहीये." मानाची वस्तू घेतात तशी कासोंडेनं खाली बसून, टाळ्या वाजवून ती कुऱ्हाड माझ्या हातून घेतली.

पहिलं झाड मी बुटकं निवडलं, मुतोंडोचं, खालीच दोन फाटे फुटलेलं. तिनं अंगावरचं कापड पायांमधून घेऊन घट्ट बांधलं, कुऱ्हाड खांद्याला अडकवली आणि चढली. चढताना ती मस्त चढली. वर गेल्यावर गोठली. झाडाला मिठी मारून बसली, ना वर ना खाली.

"मामा, खाली बघू का?"

"खाली मी आहे. बघण्यासारखं काही नाही. वर बघ."

"वर आभाळ आहे."

"मग ठीक आहे, कुणी हलवलेलं नाही. कुऱ्हाड काढ."

शेवटी एकदाची तिनं ती काढली. शेंड्याकडून सुरुवात करायची, खालच्या फांद्या पाय ठेवायला राखायच्या, बुंध्याला हात लावायचा नाही, तो पुन्हा फुटतो. फांदीला आधी खालून घाव, मग वरून. हे मी तिला इतक्यांदा सांगितलं होतं की बुपेलाही पाठ झालं असेल. पण भीतीनं माणसाचं डोकं रिकामं होतं. तिनं नुसतेच वरून घाव घातले. फांदी अर्धी तुटली, साल सोलत खाली लोंबली आणि उलटी फिरून तिच्या गुडघ्यावर बसली. मी खाली उभा. माझा हात आपोआप वर जायला गेला आणि खांद्यातून अशी कळ आली की मी मटकन बसलो. वरून आवाज आला, "मामा, तुम्ही पडलात का?"

"तू?"

"मी आहे जागेवर."

पुढच्या फांदीला तिनं खालून घाव घातला.

फांदी धाडकन खाली आली की तोडणारा आपली ललकारी देतो. प्रत्येक पुरुषाची वेगळी; तरुणपणी स्वतःच रचलेली, सगळी बढाईची. रानात कोण कुठल्या झाडावर आहे ते त्यावरूनच कळतं. मी तिला म्हणालो, "ओरड. फांदी पडलीय."

"काय ओरडू? माझी ललकारी नाही."

"मग रच."

तिनं पुन्हा कुऱ्हाड उचलली. मग पुढची फांदी पडली आणि तिनं आकाशाकडे तोंड करून आरोळी ठोकली, "कोण येऊन गेलं ते आभाळाला विचारा!"

ती चिपोयाची ललकारी होती. सगळ्या रानाला ठाऊक होती ती. लांबून कुणीतरी आपली ललकारी देता देता मधेच थांबलं.

मग ती रोज जायची. मी खाली बसून शिव्या घालायचो, पण दिवसेंदिवस शिव्यांना कारण कमी मिळत होतं. तिच्या फांद्या वेगळ्या पडायच्या. पुरुष जोर लावतात, ती कोन बघायची. गुडघा काळानिळा होता, तळहातांची कातडी बदलली. घरी आली की बुपेला पोटाशी घेऊन तशीच झोपायची. पण तोडलेल्या झाडांचा पट्टा वाढत होता आणि मी मनातल्या मनात कुठली नाचणी कुठे पेरायची ते ठरवायला लागलो होतो. त्या थंडीत मी सुखी होतो, हे सांगायला लाज कसली.

एके सकाळी खाणींवर निघालेली पोरं रानातून जात होती. त्यांत मुकुकाचा भाचा सांपा होता. वरून ललकारी ऐकून तो धावत आला. "चिपोया आला? कधी आला?" मग त्यानं वर बघितलं. वर कासोंडे. तो जो हसायला लागला तो हसता हसता खालीच बसला.

कासोंडेनं एक फांदी अशी तोडली की ती त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर येऊन आदळली. "अजून हसतोस?"

सांपा टुणकन उठला. "वहिनी, खाणीवर सांगतो सगळ्यांना! पोट धरून लोळतील!"

"सांग की. चिपोयाला सगळ्यांच्या आधी सांग. म्हणावं, घोर करू नको, घर जागेवर आहे, झाडं तुटलीयत." ती एका हातानं झाडाला धरून वाकली होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की सांपानंही हसू आवरलं. "नक्की सांगतो, वहिनी," तो म्हणाला.

फांद्या वाळल्या. रचायची वेळ आली तेव्हा बाया आल्या. बोलावलं नव्हतं तरी आल्या. ज्यांनी टोमणे मारले होते त्यासुद्धा आल्या, आणि फांदीच्या कापलेल्या तोंडावरून हात फिरवून बघू लागल्या. म्वाबा नावाची एक शेजारीण आहे, तिचाही नवरा खाणीवर. तिनं माझ्यासमोर येऊन बसून विचारलं, "मामा, मला शिकवाल?"

"मला विचारू नको. तिला विचार. मी नुसता ओरडायला आहे."

कासोंडे तिला शिकवू लागली. तोच ओंडका, तीच दोरी. "लाकूड पेरतेयस का?" असं ती माझ्याच आवाजात म्हणायची आणि मला राग आल्याचं सोंग करावं लागायचं.

उन्हाळा तापला. पेटवणीला थोडेच दिवस राहिले होते. मुदत संपलेले लोक एकेक करून परत येत होते आणि कासोंडे रस्त्यावरच्या प्रत्येक धुळीच्या लोटाकडे बघायची. तिनं कोठीतली शेवटची नाचणी दळून झाकून ठेवली होती. तो आला की त्याच्यासाठी उकड रांधायची म्हणून. आम्ही रताळी खात होतो.

एके दुपारी काटोंगो आला. आमच्याच गावचा, वयानं थोराड, चिपोयाच्याच खोलीत राहणारा. आपल्या बायकोला भेटून तो सरळ आमच्याकडे आला. खांद्यावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. कासोंडे ओंडक्याजवळ म्वाबाला घाव दाखवत होती. ती धावत आली आणि त्याच्या मागे रस्त्याकडे बघत राहिली.

"मी एकटाच आलोय, बाई," काटोंगो म्हणाला.

"तो बरा आहे ना?"

"बरा आहे. वजन वाढलंय."

"त्याची मुदत?"

"संपली. माझ्याबरोबरच संपली." काटोंगोनं पाणी मागितलं, प्यायला, आणि त्याचा चेहरा आनंदानं फुलला, त्याला खरंच वाटत होतं की तो चांगली बातमी सांगतोय. "त्याचं गाठोडं बांधलेलं होतं बघ. काटोंगो, चल, बायको उपाशी मरेल, झाडं कोण तोडणार, हेच चालू होतं त्याचं. झोपायचा नाही. मग सांपा आला. अगं, सांपानं जे सोंग करून दाखवलं, चाळीतल्या कठड्यावर चढून! सगळी चाळ लोळत होती. आणि चिपोया? आधी त्याला खरंच वाटेना. मग असा खूश झाला, असा खूश झाला की काय सांगू. माझी बायको, माझी ललकारी, म्हणत खोलीखोलीतून फिरला. एकानं खोटं म्हटलं तर त्याच्याशी मारामारी केली."

कासोंडे हसत होती. मी मात्र हसत नव्हतो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मला म्हणाला, एवढाच घोर होता, तो मिटला. आता घरी जाऊन मी करू काय? गाठोडं सोडलं आणि सकाळी कचेरीत जाऊन नव्या मुदतीला अंगठा दिला. या वेळची लांब मुदत आहे, मजुरी बरी मिळते."

कासोंडेचं हसू तोंडावर तसंच राहिलं. "गाठोडं सोडलं?" तिनं विचारलं.

"माझ्यासमोर."

"हसत?"

"हसतच. तुझं कौतुक करत होता गं, वाईट नको वाटून घेऊ. हे बघ काय पाठवलंय." त्यानं गोधडी उलगडली.

आत नवी कोरी कुऱ्हाड होती. गोऱ्यांच्या दुकानातली, लाल रंग दिलेली, पात्याला भोक आणि भोकात गुळगुळीत दांडा. कासोंडेनं ती हातात घेतली आणि तिचा हात लगेच खाली गेला. मी घेऊन बघितली. ती जमिनीवर उभं राहून, दोन हातांनी, झाड मुळातून पाडायची कुऱ्हाड होती.

"ही झाडावर नेता येते, मामा?"

"नाही."

"एका हातानं?"

"एका हातानं राक्षसही चालवणार नाही."

"त्याला माहीत आहे की हे," ती म्हणाली.

"माहीत होतं."

काटोंगो आमच्या तोंडाकडे बघत होता. त्याला काही चुकलंय हे कळायला लागलं होतं, काय ते कळत नव्हतं. म्वाबा इतका वेळ ओंडक्यापाशी उभी होती. तिनं कंबरेची दोरी सोडली, डावा हात चोळला, शिकायची कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "ताई, उद्यापासून मी येत नाही." कुणी तिला का म्हणून विचारलं नाही. तिचा नवराही त्याच चाळीत आहे.

पेटवणी झाली. कासोंडेचा ढीग गावात सगळ्यात चांगला पेटला आणि राख जाड पडली. तिनं झाकून ठेवलेलं पीठ काढून मला आणि बुपेला उकड रांधून घातली, स्वतः जेवली नाही. मग पाऊस झाला, तिनं नाचणी पेरली, नाचणी आली. दाणे भरदार होते. लोक बघायला यायचे आणि मला म्हणायचे, म्हाताऱ्या, भाची कमाल निघाली. त्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं मला.

पाऊस ओसरल्यावर काटोंगो परत खाणीवर निघाला. निरोप न्यायला आला आणि दारात उभा राहिला. "काय सांगू त्याला?"

कासोंडे कणसं मळत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "सांग, कासोंडे झाडावरून पडली. पाय मोडला. आता चढता येत नाही."

काटोंगोनं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. "खोटं सांगू?" त्यानं विचारलं.

"तू सांग. खरं करायचं काम माझं."

तो गेला. त्यानं नक्की सांगितलं असणार. काटोंगो शब्दाचा पक्का आहे. पण त्या रस्त्यानं नंतर जी माणसं आली त्यांच्यात चिपोया नव्हता, आणि त्याचा निरोपही नव्हता. मला वाटतं तो येणार नाही. ज्याचा घोर एकदा मिटला त्याला तो पुन्हा लावता येत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही. तिला कळत नसेल असंही नाही.

पुन्हा थंडी पडली. रानात ललकाऱ्या सुरू झाल्या, मागच्या वर्षीपेक्षाही कमी. मुकुकाचा भाऊ आमच्या दारावरून दोनदा विनाकारण गेला. लाल कुऱ्हाड कोपऱ्यात गंजतेय आणि सिकाझ्वेची अरुंद कुऱ्हाड आढ्यात खोचून ठेवलीय, तिला अजून धार आहे. कोठीतली नाचणी या वर्षी पुरेल, पुढच्या वर्षीचं कुणाला माहीत. काल न राहवून मी म्हणालो, "पोरी, चल. अजून वेळ आहे. दहा झाडं तरी तोडू."

"मामा, मी पडलेय ना," ती म्हणाली.

रस्त्यावर खाणीकडून येणाऱ्या कुणाचं तरी ओझं दिसत होतं. ती उंबऱ्यात बसली आणि मोडलेल्या पायाला बांधतात तशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायाला झाडाची साल गुंडाळू लागली.